नळस्टॉपचं वळण

आईच्या मोतीबिंदूची तपासणी होती. सकाळी तिला एरंडवण्यातल्या दवाखान्यात सोडून मी शिवाजीनगरला ऑफिस गाठलं. डोळ्यांत थेंब घातले की बाहुल्या मोठ्या होतात, काही तास धड दिसत नाही. म्हणून साडेपाचला मीच घ्यायला यायचं, हे आदल्या रात्रीच ठरलं होतं.

वेळेवर गाडी काढली. डेक्कनवरून येऊन नळस्टॉपला वळायचं होतं. त्यानंतर मला आठवतं ते थेट डहाणूकर कॉलनीतलं आमच्या सोसायटीचं पार्किंग. गाडी स्टँडला लावली, डिकीतून डबा काढला, लिफ्टचं बटण दाबलं आणि काळजात धस्स झालं. आई!

परत पोचेपर्यंत सव्वासहा वाजून गेले होते. दवाखान्याचं शटर अर्धं खाली आलं होतं. बाहेरच्या बाकावर आई काळा चष्मा लावून, पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती. मोबाइल हातात होता, पण त्यावरचं काही दिसत नव्हतं. कुणाला सांगून फोन लावून घ्यायला तिला संकोच वाटला असणार. एवढंच म्हणाली, "अगं, येशीलच म्हणून बसले होते."

रात्री झोप लागली नाही. ट्रॅफिक होतं, असं मी तिला सांगितलं होतं, ते खोटं होतंच. पण त्याहून जास्त टोचत होतं ते वेगळंच. नळस्टॉप ते कर्वे पुतळा हा रस्ता मी गाडी चालवत पार केला होता. सिग्नल पाळले असणार, ब्रेक दाबले असणार, कुणाला वाटही दिली असेल. त्यातलं काहीही आठवत नव्हतं. मग एकेक गोष्ट ध्यानात येत गेली. गॅस बंद केला का, हे पाहायला जिन्यातून परत फिरणं रोजचं झालं होतं. मुलगा शाळेतलं काही सांगायचा, मी "हं, हं" करायचे आणि पाच मिनिटांनी त्याला तेच विचारायचे. त्याने हल्ली सांगणंच कमी केलं होतं.

फॅमिली डॉक्टरांनी आधी थायरॉईड, बी-१२ आणि हिमोग्लोबिन तपासून घेतलं, झोपेची चौकशी केली. हे त्यांनी फार बरं केलं. विसराळूपणाचं कारण शरीरातही असू शकतं, ते न पाहता कुणी ध्यानाला बसू नये असं मला मनापासून वाटतं. रिपोर्ट ठीक आले, तेव्हा त्यांनी एका समुपदेशक मॅडमचा माइंडफुलनेसचा, म्हणजे हातातल्या क्षणावर लक्ष ठेवण्याच्या सरावाचा, आठ आठवड्यांचा वर्ग सुचवला. दर शनिवारी अडीच तास, शिवाय घरी रोज पाऊण तास.

मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं की या वर्गाचा साचा जॉन कबात-झिन यांचा. मूळचे ते रेणवीय जीवशास्त्राचे अभ्यासक. 1979 साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी हा कार्यक्रम सुरू केला, तो औषधांनी पुरेसा आराम न पडलेल्या, जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी. मुळं अर्थातच आपल्याकडची. पाली भाषेतला 'सति' म्हणजे संस्कृतातला 'स्मृती'. आपल्या घराघरांत त्यासाठी 'भान' हा शब्द आहे. लहानपणी आई "भानावर ये" म्हणून ओरडायची, त्यातलं भान.

मग प्रत्येकाच्या तळहातावर एक बेदाणा ठेवला. तासगावचा, साधा, पिवळसर हिरवा. लगेच खायचा नाही, आधी बघायचा. माझ्या बेदाण्याला एका टोकाला देठाची बारीक तपकिरी खूण होती. उजेडात धरला तर सुरकुत्यांच्या मधला भाग काचेसारखा दिसत होता. बोटांत फिरवला तेव्हा किंचित चिकटला. जिभेवर ठेवला तर आधी काहीच चव नाही, आणि दाताखाली आल्यावर एकदम आंबट. मग गोड. बेदाणा आधी आंबट लागतो हे मला या वयात कळलं. शिऱ्यात, खिरीत, प्रसादात आजवर किती खाल्ले असतील! माझे डोळे भरून आले. शेजारच्या काकांनी न बोलता पाण्याची बाटली पुढे केली.

हे सगळं यंत्रवत का होतं, तेही तिथे समजलं. वारंवार केलेली कामं मेंदू सवयीच्या खात्यात टाकतो. त्यात बेसल गँग्लिया नावाच्या आतल्या भागांचा मोठा वाटा असतो. हे नसतं तर रोज गाडी नव्याने शिकावी लागली असती. हात असे मोकळे झाले की मन मात्र भलतीकडे निघतं. 2010 साली किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी 2,250 लोकांना दिवसभरात अवचित फोनवर विचारलं होतं, तुम्ही काय करताय आणि मन कुठे आहे? जवळपास 47 टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं. आणि ते भटकत असताना माणसं कमी आनंदी होती. सुखाच्या विचारांत रमलेलीसुद्धा हातातल्या कामात असलेल्यांपेक्षा जास्त आनंदी नव्हती. माझ्या मनात तर नळस्टॉपला कसलं सुख नव्हतंच. मार्चअखेरच्या फाइली होत्या.

पहिले तीन आठवडे फार जड गेले. डाव्या पायाच्या बोटांपासून सुरुवात करून सगळ्या शरीरावरून लक्ष फिरवायचं, तर मी गुडघ्यापर्यंत पोचेस्तोवर झोपायचे. श्वासावर बसले की किराण्याची यादी सुरू. चौथ्या शनिवारी मी वर्ग सोडते म्हणून सांगितलं, कारण मन एक मिनिटही टिकत नाही. मॅडमनी विचारलं, "गेलंय हे कळतं का?" म्हटलं, कळतं, पण उशिरा. "मग ज्या क्षणी कळतं तोच सराव. तिथून परत आणायचं. रागावून नाही, रांगत्या बाळाला उंबऱ्यावरून उचलून आणतो तसं." तोवर मला वाटत होतं की मन रिकामं करायचंय. तसं नव्हतं. परत यायचं होतं, पन्नास वेळा जाईल तर पन्नास वेळा.

सगळ्यांना हे सारखंच मानवतं असंही नाही. आमच्यातल्या एका ताईंचे यजमान नुकतेच गेले होते. डोळे मिटले की त्यांचा श्वास कोंडायचा. मॅडमनी त्यांना डोळे उघडे ठेवायला, तळपाय फरशीवर टेकवून तेवढाच स्पर्श जाणवून घ्यायला सांगितलं आणि स्वतंत्र समुपदेशनही सुरू करायला लावलं. मोबाइलवरच्या आवाजापेक्षा समोर जाणतं माणूस का हवं, ते तेव्हा पटलं.

दहा दिवसांच्या विपश्यनेला, इगतपुरीला, जावं असंही मनात आलं होतं. आईला सोडून जाणं शक्य नव्हतं. म्हणून सराव घरातच आणि रस्त्यावर केला. लाल सिग्नल म्हणजे तीन श्वास. हँडलवरची पकड किती घट्ट आहे ते बघायचं आणि खांदे खाली सोडायचे. भांडी घासताना पाणी कोमट आहे की गार, एवढंच. वेताळ टेकडीवर मी रविवारी नेहमी कानात इअरफोन घालून जायचे. एकदा ते घरी ठेवले आणि सहाच्या सुमारास मोराची केका ऐकली. तिथे मोर आहेत हे ऐकून माहीत होतं. केका अंगावर आली ती पहिल्यांदाच.

आज वर्ग संपून पाच महिने झाले. पाऊण तास रोज होत नाही, वीस मिनिटं होतात. परवाच मीठ दोनदा घातलं. पण मुलगा बोलायला लागला की मी कणकेचे हात तसेच ठेवून त्याच्याकडे वळते. तो आता पूर्ण वाक्यं बोलतो.

नळस्टॉपचं खरं काय झालं ते मी आईला सांगितलं, तिच्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं. तुझा आवाज वेगळा होता." मग म्हणाली, बाकावर बसल्या बसल्या तिला भीती वाटली होती, माझ्यासाठी. गाडीवर असते ना मी.

ऑपरेशन नीट झालं. दिवसातून चार वेळा थेंब घालायचे होते. मी हात धुते, तिच्या डोक्याखालची उशी सारखी करते, खालची पापणी हलकेच ओढते. पापणीच्या आतली बाजू फिकट गुलाबी आहे, बुबुळाभोवती राखाडी कडा आली आहे. थेंब पडायच्या आधी तिची बोटं माझं मनगट धरतात.

"पडला का गं?"

"पडला. मिटून घे."

ती डोळा मिटते. मनगट थोड्या वेळाने सोडते. तोवर मी तिथेच बसते.