कर्नलशी थेट बोलताना: नेटलिंक सॉकेटवरून राउट सांभाळण्याचा माझा अनुभव

आमच्याकडे दूध संकलन केंद्रांसाठी एक छोटी लिनक्स पेटी बनते. बल्क कूलरचं तापमान, टाकीतली पातळी, जनरेटर चालू आहे की बंद, एवढी माहिती ती पुण्यातल्या सर्व्हरला पाठवत राहते. बाहेर पडायला तिला दोन वाटा: एक फायबर, दुसरा फोर-जी मॉडेम. फायबर गेलं की फोर-जीवर वळायचं आणि फायबर सुधारलं की परत यायचं. हे काम पूर्वी एक शेल स्क्रिप्ट करायची. ठरावीक वेळाने 'आयपी राउट' या कमांडचं आउटपुट, म्हणजे कोणती पॅकेट कोणत्या वाटेने (राउटने) जातील त्याची यादी, वाचायचं, त्यात ओळ शोधायची आणि त्यावरून निर्णय घ्यायचा. मला ते कधीच पटलं नव्हतं. आउटपुट जेसनमध्ये घेतलं तरी दोन वाचनांच्या मधे काय घडून गेलं ते स्क्रिप्टला कळायला मार्ग नाही. फायबर मधल्या वेळात पडून परत उभं राहिलं, तर स्क्रिप्टच्या लेखी काहीच झालेलं नसतं, आणि राउट मात्र उडालेला असतो.

म्हणून स्क्रिप्टच्या जागी सी भाषेत एक लहानसा डीमन (पडद्यामागे सतत चालणारा प्रोग्राम) लिहायचं ठरवलं, जो कर्नलशी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याशी, नेटलिंक या संदेशांच्या सॉकेटवरून बोलेल.

नेटवर्कच्या जुन्या कमांड 'आयएफकॉन्फिग' आणि 'राउट' या आयओसीटीएल नावाच्या सिस्टम कॉलवर चालतात. तिथे आपण विचारायचं आणि कर्नलने उत्तर द्यायचं. कर्नल आपणहून काही सांगत नाही. नेटलिंकमध्ये कर्नल आणि प्रोग्राम दोघेही बोलू शकतात. सॉकेट उघडायचं, एएफ-नेटलिंक या फॅमिलीत, नेटलिंक-राउट हा प्रोटोकॉल देऊन, आणि त्यावर संदेश पाठवायचे-घ्यायचे. आपण रोज वापरतो ती 'आयपी' कमांड पडद्यामागे हेच करते. २००३ च्या आरएफसी ३५४९ या दस्तऐवजात याची मांडणी आहे, पण मला खरा उपयोग झाला तो 'एसट्रेस'चा, म्हणजे प्रोग्रामने कर्नलला केलेले कॉल दाखवणाऱ्या साधनाचा. 'आयपी राउट ॲड' त्याच्याखाली चालवली की पाठवलेल्या संदेशातलं प्रत्येक फील्ड नावासकट उलगडून दिसतं. शिवाय 'एनएलमॉन' नावाचा एक खास इंटरफेस बनवता येतो. त्यावर टीसीपीडम्प लावला की नेटलिंकची रहदारी पॅकेटसारखी पकडता येते. नव्याने शिकणाऱ्याने कागदपत्रांच्या आधी इथून सुरुवात करावी असं माझं मत आहे.

नेटलिंकचे संदेश बांधायला-वाचायला लिबएमएनएल ही छान, आटोपशीर लायब्ररी आहे आणि आज पेटीत तीच आहे. पण पहिला संदेश मी हाताने बांधला. फोर-जीवरचा डीफॉल्ट राउट, म्हणजे दुसरा कुठलाच राउट लागू नसेल तेव्हा वापरायचा, घालायचा होता: गेटवे (पुढे पोचवणारा राउटर) १९२.१६८.८.१, इंटरफेसचा क्रमांक ३, मेट्रिक २०० (जितकं कमी तितका राउट आधी). कर्नलला इंटरफेसचं नाव चालत नाही, त्याचा क्रमांक लागतो. संदेशाचं हेडर १६ बाइटचं, त्यामागे राउटची माहिती १२ बाइट, आणि मग तीन ॲट्रिब्यूट प्रत्येकी ८ बाइटचे: कोणत्या इंटरफेसवरून, कोणत्या गेटवेमार्फत, मेट्रिक किती. एकूण ५२. डीफॉल्ट राउट असल्यामुळे पोचण्याच्या पत्त्याचा ॲट्रिब्यूट नाहीच, नुसती प्रीफिक्सची लांबी (पत्त्याचे किती बिट जुळायला हवेत ते) शून्य.

हेक्समध्ये सुरुवात अशी दिसते: ३४ ०० ०० ०० १८ ०० ०५ ०५. पहिले चार बाइट म्हणजे लांबी, ५२. पुढचे दोन म्हणजे २४, 'नवीन राउट' हा प्रकार. शेवटचे दोन म्हणजे चार फ्लॅग एकत्र: ही विनंती आहे, पोच दे, नसेल तर बनव, असेल तर बदल. हे सगळे आकडे मशीनच्या स्वतःच्या बाइट-क्रमात जातात. इंटेल आणि एआरएमच्या पेट्यांवर लहान बाइट आधी. गेटवेचा पत्ता मात्र नेटवर्कच्या क्रमात, म्हणजे १९२ आधी आणि १ शेवटी. एकाच संदेशात दोन रिवाज आहेत, आणि हेक्स समोर ठेवल्याशिवाय ते नीट डोक्यात बसत नाहीत.

उत्तर येतं ते 'एरर' प्रकारच्या संदेशातून, यश असलं तरी. त्यात आकडा शून्य असेल तर काम झालं. ऋण असेल तर तो एररनंबर. पूर्वी एवढ्यावरच भागवावं लागायचं. लिनक्स ४.१२ पासून सॉकेटवर एक पर्याय चालू केला की कर्नल सोबत वाक्यही पाठवतं. गेटवेपर्यंत पोचायचा रस्ताच नसताना राउट घालायला गेलं की १०१ (नेटवर्कपर्यंत पोचता येत नाही) या एररनंबरच्या जोडीला 'नेक्स्टहॉपचा गेटवे चुकीचा आहे' अशा अर्थाची ओळ येते. आम्ही ती जशीच्या तशी लॉगमध्ये टाकतो. साइटवरच्या तंत्रज्ञाशी फोनवर बोलताना नुसत्या आकड्यापेक्षा तिचा कितीतरी जास्त उपयोग होतो.

चाचणीसाठी हार्डवेअर लागलं नाही. नेटवर्क नेमस्पेस (एकाच मशीनवरची वेगवेगळी नेटवर्क) बनवायच्या, वीथ जोड्यांनी (आभासी केबलींनी) त्या जोडायच्या, एकीला फायबर म्हणायचं आणि दुसरीला फोर-जी. एका खिडकीत कर्नलचे संदेश दाखवणारी 'आयपी मॉनिटर' कमांड, दुसरीत आपला डीमन, तिसरीत आपण.

या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला तिथेच कळली. तिसऱ्या खिडकीतून मी फायबरचा इंटरफेस डाउन केला. मॉनिटरमध्ये लिंकचा संदेश आला. राउट टेबल पाहिलं तर फायबरवरचे सगळे राउट गेलेले. पण राउट काढल्याचा एकही संदेश नाही. पुन्हा केलं, तेच. शेवटी कर्नलच्या दस्तऐवजात सापडलं: इंटरफेस डाउन झाला किंवा काढला की त्यावरच्या राउटसाठी आयपीव्ही४ (आयपीची जुनी आवृत्ती) 'राउट काढला' असा संदेश पाठवतच नाही, आयपीव्ही६ पाठवतं, आणि तिथे तो बंद करायला वेगळी सेटिंग आहे. म्हणजे फक्त राउटचे संदेश ऐकून जो प्रोग्राम आपलं टेबल मनात धरून बसेल, त्याच्या मनातलं टेबल इंटरफेस पडताक्षणी खोटं ठरतं. इंटरफेस परत अप केला की पत्ता जागेवर असतो, जोडलेल्या (त्या इंटरफेसवरून थेट पोचता येणाऱ्या) नेटवर्कचा राउट कर्नल स्वतः परत घालतं आणि त्याचा संदेशही येतो. आपण घातलेला डीफॉल्ट मात्र परत येत नाही. जुनी स्क्रिप्ट जिथे फसायची ती जागा नेमकी हीच.

इथून डीमनची रचनाच ठरली. त्याने स्वतःच्या आठवणीवर विसंबायचं नाही. लिंकचा कोणताही बदल आला की राउटचा पूर्ण डम्प, म्हणजे सगळी यादी, मागायचा आणि असायला हवं ते व आहे ते यांची तुलना करायची. पेटीत राउट मूठभर असतात, डम्पला काही वेळ लागत नाही. हजारो राउट असलेल्या राउटरवर हा हिशेब वेगळा होईल.

सुरुवातीचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी लिंक, पत्ते आणि राउट या संदेश-गटांचं सदस्यत्व घ्यायचं, मग डम्प मागायचा. उलट केलं तर दोन्हींच्या मधल्या फटीत झालेला बदल कायमचा निसटतो. ऐकायला एक सॉकेट आणि विनंत्यांना दुसरं ठेवलं, म्हणजे डम्पची उत्तरं आणि आपोआप येणारे संदेश यांची सरमिसळ होत नाही.

फोर-जी मॉडेम वर येताना डीफॉल्ट राउट नेमका कधी घालायचा, यावर बराच विचार केला. लिंक अप झाली म्हणून घालावा, तर पत्ता आलेला नसतो. पत्ता आल्याचा संदेश कर्नल मुद्दाम आधी पाठवतं आणि जोडलेला राउट त्यानंतर घालतं. सोर्समध्ये तशी टिप्पणीच आहे. म्हणून आम्ही थांबतो ते जोडलेल्या राउटच्या संदेशासाठी. तो आला म्हणजे गेटवेपर्यंत रस्ता आहे.

केबल उपटणं हा प्रकार इंटरफेस डाउन करण्यापेक्षा वेगळा आहे. केबल निघाली तरी इंटरफेस अपच राहतो, फक्त 'रनिंग' हा फ्लॅग जातो, आणि हे कळतं 'नवीन लिंक' याच प्रकारच्या संदेशातून. राउट टेबलातच राहतात, त्यांच्यापुढे 'लिंकडाउन' एवढं दिसतं, आणि कर्नल पॅकेट तिकडेच पाठवत राहतं. 'इग्नोर राउट्स विथ लिंकडाउन' ही सेटिंग चालू केली तरच ते बाजूला पडतात. आमच्या पेटीत ती चालू असते.

पण गावाकडे बहुतेक वेळा केबल ठीक असते, लिंकचा दिवा हिरवा असतो आणि तुटलेलं असतं ते पुढे कुठेतरी. ते नेटलिंकला कळणार नाही. त्यासाठी डीमन सॉकेट फायबरच्या इंटरफेसला बांधून सर्व्हरला विचारत राहतो. उत्तर यायचं थांबलं की फायबरचा डीफॉल्ट मेट्रिक १०० वरून १००० वर न्यायचा, म्हणजे २०० चा फोर-जी पुढे येतो. पूर्ण काढायचा नाही, कारण राउट नसेल तर त्या बांधलेल्या सॉकेटसाठी कर्नल सर्व्हर शेजारच्याच तारेवर आहे असं धरून एआरपीने ('हा पत्ता कोणाचा' असं त्या तारेवर विचारून) त्याला शोधत बसतं आणि फायबर सुधारल्याचं कधी कळतच नाही. मेट्रिक वेगळं म्हणजे कर्नलच्या दृष्टीने राउटच वेगळा. 'असेल तर बदल' हा फ्लॅग इथे कामाचा नाही. आधी १००० चा घालायचा, पोच आली की १०० चा काढायचा.

आपण घातलेले राउट ओळखायला प्रोटोकॉलचं एका बाइटचं फील्ड आहे. ४ च्या वरच्या आकड्यांचा कर्नल स्वतः काही अर्थ लावत नाही. आम्ही १५० घेतला. डीमन मरून परत उभा राहिला की १५० चे राउट आपले, बाकीच्यांना हात लावायचा नाही. देखभालीसाठी गेलेल्या माणसाने हाताने घातलेला राउट आमच्या प्रोग्रामने पुसावा, हे मला मान्य नाही.

संदेश वाचायला उशीर झाला आणि सॉकेटचा बफर भरला, तर पुढचे संदेश गळतात आणि वाचताना 'ईनोबफ्स' हा एरर मिळतो. हे मुद्दाम घडवून पाहता येतं: डीमनला सिगस्टॉप (थांबवणारा सिग्नल) द्यायचा, लूपमध्ये भरपूर राउट घालायचे-काढायचे, मग सिगकॉन्ट (पुन्हा चालवणारा). बफर वाढवता येतो, पण त्याने प्रश्न फक्त पुढे ढकलला जातो. आमच्या कोडमध्ये ही चूक आणि लिंकचा बदल यांना एकच उत्तर आहे, पूर्ण डम्प.

मध्यंतरी हेच ओपनबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टमवर करता येईल का अशी विचारणा झाली. तिथे पीएफ-राउट हे सॉकेट आहे, १९९० च्या ४.३बीएसडी-रेनोपासून चालत आलेलं. त्यात ॲट्रिब्यूट नसतात. हेडरमधल्या बिटमास्कवरून मागे कोणकोणते पत्ते कोणत्या क्रमाने आहेत ते मोजत जावं लागतं. कल्पना जुनी आणि सुंदर आहे, पण आमचा कोड तिथे जवळजवळ नव्याने लिहावा लागेल. तिच्याच कुळातल्या फ्रीबीएसडीने मात्र १३.२ पासून नेटलिंक आणलं आहे, त्यामुळे आधी तिथे प्रयत्न करायचं ठरलं.

सध्या हात घातलाय तो आयपीव्ही६ ला. इंटरफेस डाउन केला की तिथे राउट काढल्याचे संदेश येतात, पण पत्तेही उडतात, म्हणून परत अप झाल्यावर जोडलेल्या राउटची वाट पाहण्याचा आमचा नियम पुन्हा तपासून पाहतो आहे.