तुम्ही विचारलंत म्हणून: न दिसणारा थर बसलाय हे कळतं कसं?

मी लॅबमध्ये अतिसूक्ष्म कणांवर पातळ थर चढवते, हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, एवढ्याशा कणावर थर बसलाय हे तुला कळतं कसं? परवा दिंडोरीला मामांच्या बागेत मामांनीही तेच विचारलं. हातात द्राक्षाचा घड होता, देठाला धरलेला, कारण मण्याला बोट लागलं की वरचा पांढरट थर पुसला जातो आणि तो घड एक्सपोर्टला चालत नाही. मामांचा थर निदान दिसतो, माझा जेमतेम पाच नॅनोमीटरचा. तेव्हा बागेत घाईत सांगितलं, आता नीट सांगते.

कण म्हणजे सिलिकाचे गोळे, वाळूत असते तीच सिलिका, पण शंभरेक नॅनोमीटरचे, केसाच्या जाडीत सातशे-आठशे सहज मावतील. इथेनॉल, पाणी, अमोनिया यांच्यात टीईओएस, म्हणजे ज्यातून सिलिका बनते ते द्रव रसायन, टाकून ढवळत राहायचं, थोड्या वेळाने सगळं दुधाळ होतं. १९६८ ची श्टोबर, फिंक आणि बोन यांची रीत, आम्ही अजून तीच वापरतो. त्यावर लिपिडचा, म्हणजे चरबीच्या जातीच्या रेणूंचा, दुहेरी थर चढवायचा, रेणूंची डोकी पाण्याकडे, शेपट्या आत लपलेल्या. आपल्या पेशींचं आवरण असंच असतं, १९२५ मध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी रक्तातल्या तांबड्या पेशींवरून ते ओळखलं. पुढे औषध न्यायचं असेल तर हा कोट हवाच, नाहीतर कण खारट पाण्यात एकमेकांना चिकटून तळाला बसतात.

आता मुद्दा. कणात हिरवा चमकणारा डाय असतो आणि लिपिडमध्ये थोडासा केशरी. निळा प्रकाश पाडला की हिरवा उजळतो, पण केशरी अगदी जवळ, म्हणजे काही नॅनोमीटरवर आला, तर हिरवा उजळायच्या आधीच आपली ऊर्जा त्याला देऊन टाकतो. अंतर दुप्पट झालं की ही देवाणघेवाण ६४ पट मंदावते, त्यामुळे हिरवा उतरला आणि केशरी चढला तर समजायचं की लिपिड खरंच कणाला लागून आहे.

हे वाचायला सोपं वाटतं पण माझा महिना त्यात गेला. पहिल्या बॅचमध्ये मी डाय पूर्ण गोळ्यात मिसळला होता आणि ग्राफ काही केल्या हलेना, मग लक्षात आलं की मधला डाय पृष्ठभागापासून ५० नॅनोमीटर लांब आहे, त्याला वरचं लिपिड कळणार कसं! मग आतला गोळा साध्या सिलिकाचा ठेवला आणि डाय फक्त वरच्या पातळ पापुद्र्यात घातला. शिवाय न चिकटलेलं लिपिड पाण्यात तरंगत राहतं आणि उगाच केशरी दाखवतं, म्हणून सेंट्रीफ्यूज करून कण खाली बसवायचे, वरचं पाणी काढायचं, परत धुवायचं, असं तीनदा.

शेवटची परीक्षा मला सगळ्यात आवडते. त्याच नळीत ट्रायटन एक्स-१०० चे दोन थेंब टाकायचे, ते डिटर्जंट आहे, लिपिड विरघळवतं. पहिल्यांदा केलं तेव्हा संध्याकाळचे आठ वाजले होते, लॅबमध्ये मी एकटीच, आणि स्क्रीनवर केशरी रेष खाली आली आणि दबलेली हिरवी हळूहळू वर चढत गेली. थर होता म्हणूनच ती दबली होती. हातात घेऊन बघितल्यासारखं वाटलं मला.

हे ऐकून मामांनी लगेच विचारलं, "पण सगळ्या मण्यांवर बसलाय की काही कोरडेच राहिले?" इतका नेमका प्रश्न मला सेमिनारमध्येसुद्धा कोणी विचारला नव्हता. नळीतला प्रकाश कोट्यवधी कणांचा मिळून येतो, त्यामुळे निम्म्या कणांवर पूर्ण थर आणि सगळ्या कणांवर अर्धा थर यातला फरक त्या आकड्यावरून सांगता येत नाही. त्यासाठी सॅम्पल झटक्यात गोठवून क्रायो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली एकेक कण बघावा लागतो, तिथे दुहेरी थर गोळ्याभोवती दोन काळ्या रेषांसारखा दिसतो आणि जिथे फाटलाय तिथे रेष तुटते. ती सोय आमच्याकडे नाशिकला नाही, सॅम्पल बाहेर पाठवायचंय. रेषा दिसल्या की फोटो पहिला मामांना.