‘रोज कामाला जाता ना?’

मानसिक आजारासाठी दिव्यांग प्रमाणपत्राचा ऑनलाइन अर्ज अर्ध्या तासात झाला. स्वावलंबन पोर्टल, आधार, फोटो, सही, बस्स. घोडं अडलं ते बेळगावला, तपासणीच्या टेबलावर. “रोज कामाला जाता ना?” हो म्हटलं की फाईल बाजूला. दोन खेपा यातच गेल्या, वर “नाळे बन्नी” (उद्या या)! खानापूरहून येणाऱ्याला ‘उद्या’ म्हणजे आणखी एक बिनपगारी रजा.

मानसिक आजाराचं अपंगत्व ‘आयडियाज’ नावाच्या मोजपट्टीने मोजतात. स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, प्रत्येकी ० ते ४ गुण. आजार किती जुना याचे वेगळे: दोन वर्षांच्या आत १, दहाच्या वर ४. एकूण २०. बेरीज ७ झाली की ४० टक्के सुरू, ६ वर थांबली की खाली. इतक्या काठावरच्या हिशेबात ‘काम’ या रकान्यात नोकरी आहे एवढ्यावर शून्य टाकलं तर खेळ संपला. तिथे पाहायचं असतं ते काम पूर्ण, नीट आणि वेळेत होतं का. तोंडी वाद घालून उपयोग नाही, कागद पुढे करा: दोन वर्षांचा रजेचा उतारा, उशिराचे मेमो, जबाबदारी काढून घेतल्याचा आदेश. मी आधी नुसत्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या नेल्या होत्या. चिठ्ठीवरून आजार कळतो, कामात काय अडतं ते कळत नाही.

घरचं माणूस सोबत न्याच. आपण सवयीने “बरं आहे की” म्हणून मोकळे होतो. आंघोळीला कोण उठवतं ते घरचेच सांगतात.

निपाणीकडच्यांचे उपचार बहुधा कोल्हापूर-मिरजेला. तिथल्या खाजगी डॉक्टरचं पत्र पुरावा म्हणून चालतं, प्रमाणपत्र म्हणून नाही. अर्ज राहत्या जिल्ह्यात, नाहीतर जिथे उपचार झाले त्या सरकारी रुग्णालयात. आणि फलकावर ‘दिव्यांग’ शोधत बसू नका, इथे कर्नाटकात ‘विकलचेतन’ लिहितात.

स्वमग्नतेची मोजपट्टी वेगळी, ‘इसा’. अध्ययन अक्षमतेची चाचणी निम्हान्सची, म्हणजे बेंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेची. एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) मात्र २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत नावाने नाही. सोबत अध्ययन अक्षमता असेल तर ती मोजून घ्या.

४० टक्क्यांच्या खाली आलं तर पांढरं दिव्यांग कार्ड मिळतं. ते फाडू नका. सरकारी भरतीतल्या आरक्षणाला ४० लागतात हे खरं, पण सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून कमी करायचं नाही, पद खाली आणायचं नाही, या कलम २० च्या संरक्षणाला टक्क्यांची अट घातलेली नाही. आकडाच चुकीचा वाटला तर अपील कलम ५९ खाली.

प्रमाणपत्र कपाटात ठेवण्यासारखी चूक नाही. मानसिक आजारातून घडलेल्या वागण्यावरून खातेनिहाय चौकशी लावणं हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सीआरपीएफच्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात म्हटलंय. पण ऑफिसला आजार माहीत होता हे कागदावर असलेलं बरं. मेमो यायच्या आत प्रत द्या, सोबत नेमकी कसली सवलत हवी ते लिहा (शिफ्ट, सकाळची वेळ, शांत जागा), आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक पडल्याशिवाय खिडकी सोडू नका.