दानपेटीतली चिल्लर आणि बँकेचं काउंटर: माझा अनुभव

नागपुरात भटक्या कुत्र्यांच्या, गाईंच्या उपचारासाठी दुकानांत दानपेट्या ठेवायचं काम मी बघते. दुकानदार आढेवेढे घेत नाहीत, धरमपेठ-गोकुळपेठेत तर विचारलं की लगेच जागा. ताप झाला तो चिल्लरीचा.

जुन्या पेट्या पत्र्याच्या, वर बारीक फट. नोटेची घडी घालून त्यात कोंबायला कोण थांबतं, हातात परत आलेलं नाणंच पडतं. ती पिशवी घेऊन बँकेत गेले तर कॅशियर म्हणतो, "ताई, एवढी चिल्लर कुठून आणून राहिल्या? मोजायला माणूस नाही, सोमवारी या." सोमवारी दुसराच बसलेला, तो म्हणे दहाची नाणी चालतच नाहीत! बाहेर ४५ डिग्री, खांदा दुखून आलेला आणि तिकडे पाय मोडलेल्या कुत्रीचं दवाखान्याचं बिल थांबलेलं, इतका संताप झाला ना. अहो चालतात दहाची नाणी, रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्येच सांगितलंय की तेव्हाची चौदाही डिझाइन वैध आहेत, आणि शाखांनी नाणी घ्यायचीच असा नियम आहे. शेवटी शंभर-शंभर नाण्यांची पाकिटं केली (ही पद्धत रिझर्व्ह बँकेच्याच परिपत्रकात आहे), त्या परिपत्रकाची प्रिंट मॅनेजरसमोर ठेवली आणि म्हटलं, घेणार नसाल तर तसं लिहून द्या. घेतली!

मग पेट्याच बदलल्या. पारदर्शक अ‍ॅक्रिलिक, नोट सरळ जाईल एवढी फट, आणि रिकामी करताना दहा-वीसच्या दोन-चार नोटा आत ठेवायच्याच, त्या बघून पुढचाही नोट टाकतो. न्यूझीलंडच्या एका आर्ट गॅलरीत असा प्रयोगही झालाय, पेटीत आधी काय दिसतंय त्यावरून लोकांचं देणं बदललं. जखमेचा फोटो लावू नका, तर्री-पोह्याच्या ठेल्यावर तर अजिबात नाही, लोक नजर फिरवतात. बरी झालेली, सरळ बघणारी कुत्री लावा. क्यूआर कोड आतून चिकटवा, म्हणजे कोणी त्यावर आपला स्टिकर लावणार नाही.

हो, आणि संस्था रजिस्टर्ड नसेल तर पेटी ठेवायच्या आधी धर्मादाय आयुक्तांकडून महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ क ची परवानगी काढा, गणपती मंडळं वर्गणीसाठी काढतात तीच.

आता नोटा जास्त येतात. उरलेली चिल्लर इतवारीतले एक किराणावाले काका मोजून घेतात आणि नोटा देतात, त्यांना सुट्टे लागतातच, तेव्हा बँकेच्या आधी अशा दुकानात विचारून बघा.