आधी सॉकेट, मग बाकीचं

कॉम्प्युटर स्वतः जोडताना प्रोसेसर ठरला की लगेच मदरबोर्डाचं सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा, बघा. एएमडीच्या एएम५ सॉकेटच्या बोर्डावर फक्त डीडीआर५ पिढीची रॅम चालते. इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटमध्ये मात्र बोर्डागणिक डीडीआर४ किंवा डीडीआर५. दोन्ही रॅमच्या पट्ट्यांना पिना २८८च, पण खाच वेगळ्या जागी. पट्टी बसत नसेल तर जोर लावू नका, स्लॉट तुटेल.

इंटेल कोअरच्या नावात शेवटी ‘एफ’ असेल तर आतलं ग्राफिक्स मिळत नाही. वेगळं कार्ड नसेल तर पडदा काळाच, आणि शिव्या बिचाऱ्या मॉनिटरला!

प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर १६० मिमी उंच आणि कॅबिनेटची मर्यादा १५५ असेल, तर बाजूचं झाकण लागणारच नाही. हे मोजायचं हमखास राहतं. जुन्या बोर्डावर नवा प्रोसेसर लावणार असाल, तर बोर्डाच्या सपोर्ट लिस्टमध्ये (चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी) बायॉसची, म्हणजे बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरची, कुठली आवृत्ती लागते ते आधी बघा.