दुरुस्तीच्या टेबलापासून ऐकण्याच्या खोलीपर्यंत : आमची वाटचाल

सांगलीत आमचं काम दुरुस्तीच्या टेबलावरून सुरू झालं. कॅसेट डेकचे सैल झालेले बेल्ट, ४४४० या आवाज वाढवणाऱ्या आयसीवरचे (चिपवरचे) घरगुती अ‍ॅम्प्लिफायर आणि गणपतीच्या तोंडावर येणारे फाटक्या कोनचे स्पीकर हे आमचं पहिलं काम. विक्री नंतर आली. पण नवा संच सुचवताना आजही हिशोब त्या टेबलावरचाच असतो: आधी खोली, मग स्पीकर आणि शेवटी अ‍ॅम्प. गिऱ्हाईक बहुतेक वेळा उलट्या टोकानं सुरुवात करतं, आणि पैसे तिथेच अडकतात.

सुरुवातीच्या काळात खोक्यावर हजारांत ‘पीएमपीओ’ (क्षणभराच्या ताकदीचा फुगवलेला आकडा) छापलेलं असायचं. झाकण उघडलं की आत १२-०-१२ (मधल्या तारेच्या दोन्ही बाजूंना १२-१२ व्होल्ट), २ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर. त्यातून एसीचा डीसी करणाऱ्या रेक्टिफायरनंतर दोन्ही बाजूंना साधारण १६ व्होल्ट मिळतात. त्यातले दोनेक आउटपुटमध्येच खर्च होतात. उरलेल्या १४ व्होल्टच्या शिखरावर ८ ओहमच्या स्पीकरला जेमतेम १२ वॉट बसतात. स्टिकर काहीही म्हणो. म्हणून आम्ही स्वतः अ‍ॅम्प बांधायला लागलो तेव्हा पुढच्या पट्टीवर वॉटऐवजी ट्रान्सफॉर्मरचा आकडा लिहायचं ठरवलं. २४-०-२४, ५ अँपिअर असेल तर ८ ओहमला चॅनेलमागे ५० वॉटच्या आसपास मिळतात. घरच्या हॉलला ते भरपूर आहेत.

५० चे १०० वॉट केले की आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो. कानाला दुप्पट वाटायला वॉट दसपट लागतात. उलट ८४ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा (एका वॉटला एक मीटरवर किती आवाज, त्या आकड्याचा) स्पीकर काढून ९० चा लावला, तर त्याच अ‍ॅम्पमधून चौपट ताकदीच्या अ‍ॅम्पइतका आवाज येतो. अ‍ॅम्प बदलायला आलेल्या माणसाला आम्ही आधी स्पीकरच्या मागची चिठ्ठी वाचायला सांगतो, ती यासाठी.

अ‍ॅम्प बांधण्याच्या कामात सर्वांत मोठा तोटा नकली ट्रान्झिस्टरनी केला. ५२००-१९४३ या आउटपुट ट्रान्झिस्टरची जोडी हुबेहूब दिसते, पण आतली चिप छोटी असते. थोडा जोर पडला की शॉर्ट होते आणि सप्लायचा डीसी थेट स्पीकरच्या कॉइलमध्ये जातो. आता प्रत्येक लॉटवर अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवतो (अक्षरं पुसली गेली तर लॉट परत) आणि त्यातला एक नग पक्कडीनं फोडून बघतो. एक नग वाया जातो, पण स्पीकरची जोडी वाचते. पहिल्यांदा पॉवर देताना मेनच्या वाटेत १०० वॉटचा सिरीज बल्ब लावतो. बल्ब एकदा चमकून मंद झाला तर ठीक, भगभगत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. मग स्पीकर न जोडता आउटपुटचा डीसी मोजतो. ३० मिलिव्होल्टच्या वर असेल तो अ‍ॅम्प आम्ही देत नाही, आणि बिघाड झाला की स्पीकर वेगळा करणाऱ्या प्रोटेक्शन रिलेशिवाय तर एकही नाही.

ट्विटर (वरच्या पट्टीचा छोटा स्पीकर) जळण्याचं कारण लोकांना उलटं वाटतं. मोठ्या अ‍ॅम्पपेक्षा छोटा अ‍ॅम्प पूर्ण पिळल्यानं ट्विटर जास्त जळतात. अ‍ॅम्पची ताकद संपली की लहरींची टोकं कापली जातात, त्यातून वरच्या पट्टीतली ऊर्जा वाढते आणि ती सगळी ट्विटरच्या केसाएवढ्या तारेवर पडते. आवाज फाटायला लागला की व्हॉल्यूम मागे घ्या.

दुरुस्तीत आम्हाला आजही सर्वांत प्रिय काम म्हणजे वूफरची (बासच्या मोठ्या स्पीकरची) फोमची रिंग बदलणं. बारा-पंधरा वर्षांत फोम आपोआप भुगा होतो. कोन आणि कॉइल मात्र धडधाकट असतात. जुना गोंद थिनरनं भिजवून खरवडायचा, नवी रिंग आधी कोनला चिकटवायची आणि रात्रभर ठेवायची. दुसऱ्या दिवशी फ्रेमला चिकटवताना ३० हर्ट्झचा हलका सूर सोडून ठेवायचा. कॉइल कुठे घासत असेल तर सुरात ‘खर्र’ येतं. ते थांबेपर्यंत रिंग बोटांनी सरकवायची. झटपट चिकटणारा गोंद चालत नाही, तो कडक होतो आणि फोम तिथूनच फाटतो. शेवटी दीड व्होल्टचा सेल टेकवायचा. प्लसला प्लस लागलं की कोन पुढे यायला हवा. दोनपैकी एक मागे गेला तर जोडणी उलटी आहे. मग बास नाहीसा होतो आणि गाणाऱ्याचा आवाज मधोमध उभा राहत नाही.

ऐकून पारखायची शिस्त आम्हाला मिरजेच्या शेजारामुळे लागली. तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या टेबलावर स्पीकर तपासायला आजही तानपुऱ्याचीच रेकॉर्डिंग असते. काळी एकच्या पुरुषी तानपुऱ्याची खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झवर बोलते. चार इंची स्पीकर तिथे जवळजवळ मुका असतो. तरी वरच्या उपस्वरांवरून कान खर्ज भरून काढतो आणि माणूस फसतो. मोठा स्पीकर शेजारी लावल्यावरच उणीव कळते. सूर वूफर-ट्विटरमध्ये वाटणाऱ्या क्रॉसओव्हरमधला कपॅसिटर सुकला असेल तर जवारी (तारेचा झणकार) बोथट होते. ढोल-ताशात हे दोष झाकले जातात.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा टेबल महिनोन्‌महिने भिजलेल्या संचांनी भरून होतं. तेव्हापासूनचा आमचा नियम: पुरातलं यंत्र ‘चालतंय का बघू’ म्हणून सुरू करायचं नाही. बोर्ड आधी स्वच्छ पाण्यानं गाळ जाईपर्यंत, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुवायचा. ट्रान्सफॉर्मर बरेच दिवस उन्हात वाळवून ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासणाऱ्या यंत्रावर) बघायचा. कॉइलच्या फटीत गाळ गेलेला स्पीकर मात्र क्वचितच वाचतो. एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळ्यांची) खोकी फुगून फुटली, प्लायवूडची टिकली. म्हणून नदीकाठच्या घरांसाठी आम्ही १८ मिलिमीटर वॉटरप्रूफ प्लायच वापरतो.

आता कामाचा मोठा भाग खोलीतला आहे. १२ फुटी भिंतींमध्ये ४७ हर्ट्झच्या आसपास बास घुमतो. तो अ‍ॅम्प बदलून जात नाही. स्पीकर भिंतीपासून दीड फूट पुढे आणून आणि बसायची जागा मागच्या भिंतीपासून सोडवून बराच कमी होतो. फरशी आणि गिलाव्याची खोली टाळी वाजवली की झणझणते, तिथे जाड पडदा आणि सतरंजी आधी. वायर २.५ चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची: पाच मीटर अंतराला जाऊन-येऊन ०.०७ ओहम. ०.५ ची घेतली तर तेच ०.३४ होतं, म्हणजे जास्त ताकद वायरमध्येच जाते.

म्हणून दुकानात येताना तीन गोष्टी आणा: खोलीची लांबी-रुंदी-उंची, स्पीकरच्या मागच्या चिठ्ठीचा फोटो आणि तुम्ही रोज ऐकता ते एक गाणं.