समासातला मजकूर

शाळेत वहीचा समास म्हणजे मनाईची जागा. तारीख आणि प्रश्नाचा क्रमांक सोडून तिथे काही लिहिलं की लाल शेरा ठरलेला. ही शिस्त इतकी अंगात मुरते की विद्यापीठात पहिल्या वर्षाला आलेली मुलंही पान काठोकाठ भरतात आणि समास मात्र स्वच्छ ठेवतात.

पान भरतं, कारण कानावर पडेल ते सगळं उतरवून घ्यायचं असतं. शिकवणारा माणूस मिनिटाला १२० ते १५० शब्द सहज बोलतो. हात कितीही भरभर चालवला तरी २०-२५च्या फार पुढे जात नाही. म्हणजे पाचातले चार शब्द सुटणारच. कुठले सोडायचे हे आपण ठरवलं नाही तर ते परस्पर ठरतं. मग वहीत ‘याचं सर्वांत महत्त्वाचं कारण म्हणजे’ एवढंच सापडतं, खुद्द कारण मात्र सुटून जातं.

लॅपटॉपवाल्यांचे शब्द कमी सुटतात. पण २०१४मध्ये अमेरिकेत झालेल्या एका गाजलेल्या प्रयोगात, शब्दन् शब्द टंकणारी मुलं समजुतीच्या प्रश्नांना मागे पडली होती. नंतर इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा फरक एवढा ठळक दिसला नाही, म्हणून मी त्यावरून लॅपटॉपला झोडपणार नाही. न ऐकता उतरवून घेणं पेनानेही उत्तम जमतं.

समासाला खरं काम दिलं ते कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांनी, १९५०च्या दशकात. पानाच्या डावीकडे अडीच इंचांचा रुंद पट्टा सोडायचा, तासाला उजवीकडेच लिहायचं. पट्टा भरायचा तो नंतर, निवांतपणे. समजा, उजवीकडे लिहिलंय: ‘किंमत वाढली की मागणी घटते. अपवाद गिफेन वस्तू.’ तर डावीकडे उत्तर नाही, प्रश्न लिहायचा: ‘महाग झाल्यावर लोक एखादी गोष्ट जास्त का घेतील?’ हा प्रश्न सुचण्यासाठी थोडं डोकं खाजवावं लागतं. गरिबाचं मुख्य धान्यच महागलं की त्याहून महागडे पदार्थ परवडेनासे होतात आणि पोट भरायला तेच धान्य आणखी घ्यावं लागतं, हे त्या खाजवण्यात कळतं. मग उजवी बाजू हाताने झाकायची आणि उत्तर देऊन पाहायचं.

हे झाकणं मुलांना नकोसं वाटतं, आणि त्यांचंही बरोबर आहे. पुन्हा वाचताना सगळं ओळखीचं दिसतं, बरं वाटतं. झाकलं की फजिती होते. २००६मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी हे तपासलं. उतारा वाचून पाचच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने विचारलं तर न बघता आठवून लिहिणारे पुढे. परीक्षा काही पाच मिनिटांनी नसते. हायलायटरची गत याहून वाईट. पिवळ्याधमक पानाकडे बघून अभ्यास झाल्यासारखा वाटतो, पण सगळंच पिवळं केलं तर निवडलं काय?

पुस्तकाचं म्हणाल तर कादंबरीसारखं पहिल्या पानापासून सुरू करायची सवय मोडायला हवी. शोधनिबंध आधी सारांश, मग निष्कर्ष आणि गरज पडली तर मधलं, असा उलटसुलट वाचला तरी तो रागावत नाही. पुस्तक स्वतःचं असेल तर त्याच्याही समासात बिनधास्त लिहावं. ग्रंथालयाचं असेल तर नाही. दुसऱ्याच्या उद्गारचिन्हांतून वाट काढत वाचणं ही शिक्षा आहे.

भरलेल्या समासाचा एक तोटा आहेच. परीक्षेच्या आदल्या दिवशी वर्गातल्या हुशार मुलीच्या वहीची झेरॉक्स काढावी, तर उजवीकडचं सगळं अक्षर सुवाच्य असतं आणि डावीकडे नुसतं ‘हे मागच्या तासाच्या उलट नाही का??’ तो मागचा तास आपण बुडवलेला असतो.